तिसऱ्या पाळीचं रक्त

“दार लोटून घ्या,” डॉक्टर म्हणाले, तेव्हाच मला कळलं की कागदात काहीतरी वाईट आहे.

डॉक्टर देशिंगकरांच्या दवाखान्यात मी वीस वर्षं जात होतो. ताप, खोकला, एकदा मशीनच्या पट्ट्यात बोट सापडलं तेव्हा टाके घालायला. दार लोटायला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

“सर्जेराव, तुम्ही सारखा थकवा म्हणत होता म्हणून ही तपासणी करून घेतली. पुरुषाच्या रक्तात एक हार्मोन असतं, टेस्टोस्टेरॉन. ते तीनशेच्या वर पाहिजे. तुमचं एकशे सत्तर आलंय. रक्त सकाळी दहाच्या आत दिलं होतं ना?”

“सात वाजता. पाळी सुटली की गिरणीतनं सरळ तिकडंच गेलो. डबासुद्धा खाल्ला नाही.”

“मग बरोबर आहे.”

“म्हणजे मी आता काय, बाईमाणूस झालो?”

डॉक्टर हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, “मिरजेत डॉक्टर निंबर्गी म्हणून हार्मोनच्या डॉक्टर आहेत. जे कमी आहे ते इंजेक्शननं भरून काढता येतं. पण ते सगळ्यांना देत नाहीत. त्या बघतील, ठरवतील.”

“त्या? बाई आहे?”

“बाई आहेत. मी नाव लावून ठेवतो, तीन आठवड्यांनी बोलावतील. हा फॉर्म घरी बसून भरा. आणि जाताना मिसेसना बरोबर न्या.”

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. जयसिंगपूरच्या बाजूला एका सूतगिरणीत सायडर होतो, म्हणजे तुटलेला धागा जोडत मशीनच्या कडेनं फिरायचं काम. तीन वर्षांपूर्वी मी तिसरी पाळी मागून घेतली होती, रात्री अकरा ते सकाळी सात. रात्री साहेब फिरकत नाहीत, एवढंच कारण. आम्ही गिरणी कामगारांच्या सोसायटीत राहायचो. बेचाळीस घरं, एकाला एक चिकटलेली. थोरली मुलगी संगीता लग्न होऊन गेली होती, धाकटी शुभांगी नववीत होती. शालन माझी बायको. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

फॉर्म भरायला दुपारी बसलो. शुभी शाळेत गेली होती. शालन सातवी शिकलेली. ती मेथी निवडत एकेक प्रश्न वाचायची, मी लिहायचो. नाव, वय, काम. काम म्हणून ‘सूतगिरणीत सायडर’ लिहिलं. पाळीचं काही विचारलं नव्हतं.

“‘रोज किती तास झोपता?’” शालननं वाचलं.

मी आठ लिहिलं.

“आठ?” तिनं मान वर केली. “अवो, सकाळी नऊला पडतासा आन् दुपारच्याला उठून बसतासा. वर पत्रा तापतोय, शेजारी कुकर वाजतोय. चार तास तरी हुतीय का झोप?”

“झोप येत नाही म्हटलं की येड्याच्या डॉक्टरकडं धाडत्यात. आठच असू दे.”

तिनं पुढचा प्रश्न वाचला. ‘इच्छा केव्हापासून कमी झाली?’ मी पेन धरून बसलो.

“तीन वर्सं झाली की,” ती म्हणाली. “संगीचं लगीन झालं, त्या दिवाळीपासनं.”

“लई ध्यानात ठेवलंस.”

“ह्यात ध्यानात ठेवायसारखं काय हाय?”

मी तीन वर्षं लिहिलं. शेवटचा प्रश्न होता, ‘जोडीदाराचे म्हणणे’. त्याच्याखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या.

“लिवा,” ती म्हणाली, “मला काय अडचण न्हाई.”

“अडचण न्हाई?”

“न्हाई वो. दिसभर राबल्यावर कोन बगतंय त्ये? तुम्ही धडधाकट ऱ्हावा म्हंजे झालं.”

ती मेथीची पानं खुडत होती. आवाजात काही नव्हतं. मला मात्र वाटलं, ही मला मोडीत काढते आहे.

“अडचण न्हाई म्हंजे,” मी म्हणालो, “तुझी सोय दुसरीकडं झाली असंल.”

तिचा हात थांबला. “काय बोल्लासा?”

“ऐकलंस त्ये.”

ती उठली, घागर उचलली आणि नळावर गेली. घागर भरलेलीच होती. ती तिनं नळावर ओतली आणि परत भरून आणली. मी शेवटचा प्रश्न तसाच ठेवून फॉर्मची घडी घातली.

घरी शुभीच्या हाताला लागेल म्हणून तो कागद मी शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. तीच चूक झाली. चार-पाच दिवसांनी पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या गाड्यावर आम्ही चहा घेत होतो. नामदेव होता, आणखी चौघं होते. नामदेव आमचा जॉबर, मशीन बिघडलं की दुरुस्त करणारा. माझ्यापासून दोन घरं सोडून राहायचा. त्यानं नेहमीसारखा तंबाखूच्या पुडीसाठी माझ्या खिशात हात घातला आणि पुडीबरोबर कागद बाहेर आला.

“आयला! ह्ये काय?” त्यानं कागद लांब धरून मोठ्यानं वाचलं. “‘पुरुष हार्मोन विकार. प्रथम भेट.’ सर्ज्या, लेका, खालचं मशीन बंद पडलं व्हय रं?”

सगळे हसले. चहावाला पण हसला.

“मग जॉबरला सांगायचं न्हाई व्हय? ऑयलिंग करून दिलं असतं की मी! का स्पिंडलच वाकलंय?”

“कागद दे,” मी म्हणालो.

“थांब की. काय काय इचारलंय बगू तरी. ‘सकाळी उठल्यावर…’”

“माझं काय न्हाई त्यात.”

“मग काय बायकूचा हाय? हितं पुरुष लिवलंय मर्दा.”

“तिच्यापायीच हाय,” मी म्हणालो. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. “तिला रोग हाय. बाईचा. माझ्या अंगाला लागला का त्ये बगाय चाललोय.”

हसणं थांबलं. नामदेवनं कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या हातानं माझ्या खिशात ठेवली.

“शालनवैनीला?” तो हळू म्हणाला. “कुनाकडनं?”

“मला काय म्हाईत.”

एकानं माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला. त्याचे पैसेही त्यानंच दिले. मी दोन्ही चहा प्यायलो आणि घरी येऊन झोपलो. त्या दिवशी मला चांगली झोप लागली, हेही लिहायला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात नामदेवच्या मुलीची हळद दळायची होती. आमच्याकडं लग्नाआधी पाच सवाष्णी जात्यावर बसून हळद दळतात. पहिली मूठ कोण घालणार याला मान असतो. तिचा नवरा जिवंत पाहिजे, ती लेकुरवाळी पाहिजे आणि तिचं नाव स्वच्छ पाहिजे. आमच्या सोसायटीत तो मान बारा-तेरा वर्षं शालनचा होता. सोसायटीतली एकही हळद तिच्या हाताशिवाय जात्यात पडली नव्हती. शालनला दागिने नव्हते, रूप बेताचं होतं. तिच्याजवळ मिरवण्यासारखं एवढंच होतं. हळदीचं बोलावणं आलं की ती दोन दिवस आधी हिरवं लुगडं उन्हाला टाकायची.

त्या वेळीही टाकलं होतं. तिला बोलावणं आलेलं नव्हतं. दोन घरांवर कशाला बोलवायचं, असं ती म्हणाली.

सकाळी दहाचा सुमार होता. मी झोपायचं सोडून मांडवाला आंब्याचे टहाळे बांधायला गेलो होतो. जातं मांडवातच मांडलं होतं. शालन आली, चप्पल काढली आणि जात्याजवळ बसून तिनं सुपातल्या हळकुंडांना हात घातला. नामदेवची बायको हौसावहिनी समोर बसली होती. तिनं सूप आपल्याकडं ओढलं.

“शालन, तू बस गं तिकडं. आज सखूबाई घालतील पैली मूठ.”

“का गं?”

“का म्हंजे… तुझी तब्येत बरी न्हाई न्हवं.”

“मला काय झालंय?” शालन हसली. “काल तुझ्या दारातलं शेण कुनी काढलं? भुतानं?”

बायका जात्याकडं बघत राहिल्या. सखूबाई म्हणून एक म्हातारी होती, ती म्हणाली, “पोरी, लगीनघर हाय. उगं वाद नको. नवऱ्यानंच भाईर सांगितल्यावर आनी काय ऱ्हायलं?”

“काय सांगितलंय नवऱ्यानं?”

हौसावहिनी तिच्या कानाशी वाकली आणि बोलली. फार वेळ लागला नाही.

शालननं वळून माझ्याकडं बघितलं. मी बाकड्यावर उभा होतो, हातात सुतळी होती. मांडवातल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. बाजूला नामदेव, त्याचे भाऊ, पाहुणे होते. मी बोलावं म्हणून ती थांबली होती. मला एवढंच म्हणायचं होतं, की वहिनी, मी खोटं बोललो.

“घरला जा,” मी म्हणालो.

ती उठली. चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला. ती गेली, आणि जातं फिरायला लागलं. मी राहिलेले टहाळे बांधले.

घरी गेलो तेव्हा तिनं हिरवं लुगडं सोडून ठेवलं होतं आणि ती भाकरी करत होती.

“कशापायी सांगितलंसा तसं?” तिनं विचारलं.

“मग काय सांगू? मी नामर्द झालो म्हणून सांगू चार मानसांत?”

“चार गडी हसलं असतं. पाच दिस हसलं असतं आनी इसरलं असतं.” तिनं भाकरी उलटली. “माझं न्हाई इसरायचं कोन. शुभीचं लगीन व्हायचंय अजून. तिला कोन पदरात घेनार, असल्या आयची लेक?”

“परवा मिरजेला जाऊन येऊ दे. आल्या आल्या सांगतो समद्यास्नी, चुकीचं कळलं म्हनून.”

“माझ्या गळ्याची आन?”

“आन.”

तिनं भाकरी ताटात टाकली. ती रडली नाही. मिरजेला जायच्या दिवशी माझा शर्ट इस्त्री करून तिनंच दिला, आणि हौसावहिनींच्या दारावरून न जाता मागच्या बोळानं येऊन बस स्टॉपवर उभी राहिली.

डॉक्टर निंबर्गी माझ्या अंदाजापेक्षा तरुण निघाल्या. केस आखूड, बोलणं भराभर. त्यांनी फॉर्म उलटसुलट बघितला.

“इथं जोडीदाराचं म्हणणं रिकामं आहे,” त्या म्हणाल्या. मग शालनकडं वळल्या. “ताई, तुम्हाला काही त्रास आहे का? काही आजार, कसलं इन्फेक्शन? नेहमीचे प्रश्न आहेत, सगळ्यांनाच विचारते मी.”

“ह्यास्नी इचारा,” शालन म्हणाली. “मला काय रोग हाय त्यो ह्यास्नी ठावं.”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागल्या.

“नाही,” मी म्हणालो. “तिला काही नाही. कधीच नव्हतं.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत शालन त्यांच्या पेनाकडं बघत होती.

“झोप आठ तास. चांगलं आहे.”

“न्हाई वो बाई,” शालन म्हणाली. “चारबी हुत न्हाई.”

“मग आठ का लिहिलंय? रात्री किती वाजता झोपता?”

“रात्री झोपत नाही,” मी म्हणालो. “तिसरी पाळी असते. सकाळी झोपतो.”

“किती वर्षं?”

“तीन.”

त्यांनी रिपोर्ट पुढं ओढला. “हे रक्त दिलं, त्याच्या आदल्या रात्री झोपला होता?”

“कामावर होतो. सातला सुटलो आणि सरळ गेलो. उपाशीपोटीच.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “सर्जेराव, ह्या रिपोर्टवर मी काहीच ठरवू शकत नाही. हे हार्मोन झोपेत वाढतं. रात्र झोपून काढलेल्या माणसाचं सकाळचं रक्त बघायचं असतं. तुम्ही रात्रभर मशीनमागं फिरून आलात. तुमच्या दृष्टीनं ती सकाळच नव्हती, दिवस संपला होता. ते कमी येणारच. आणि तीन वर्षं चार तास झोपणाऱ्या माणसाला थकवा येणार, इच्छा जाणार, त्यात नवल काय?”

“म्हणजे मला काही झालेलं नाही?”

“तसंही मी म्हणत नाही. पाळी बदलून घ्या. महिनाभर रात्रीचं झोपा. मग दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त द्या. दोन्ही कमी आली तर इंजेक्शनचं बोलू. आज नाही.”

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. खोलीतून बाहेर आलो तेव्हा माझी चाल बदलली होती, हे मला स्वतःला कळत होतं. स्टँडजवळ मी अर्धा किलो पेढे घेतले.

“ह्ये कशाला?” शालन म्हणाली.

“काय झालं न्हाई मला! ऐकलं न्हाईस व्हय?”

“ऐकलं.” तिनं पेढा घेतला, अर्धा मोडून परत पुड्यात ठेवला. “मग आता सांगशिला न्हवं?”

“आजच.”

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. शिरोळ फाट्याजवळ ती आपणहून बोलली. शुभीला दहावीनंतर नर्सिंगला घालायचं का, असं काहीतरी. मी हो म्हटलं.

संध्याकाळी पेढे घेऊन मी नामदेवकडं गेलो. मांडव पाहुण्यांनी भरला होता. नामदेव धावतच आला आणि माझा दंड धरून मला कडेला घेऊन गेला.

“काय म्हनला डाक्टर?”

“काय निघालं न्हाई,” मी म्हणालो.

“लागला न्हाई तुला?”

मी तोंड उघडलं. माझ्या हातात पेढे होते आणि पाहुणे बघत होते. तेवढ्यात नामदेवनं मला मिठी मारली. “आवो, ऐकलासा का!” तो मांडवात ओरडला. “सर्जेराव सुटला! त्येला काय न्हाई झालेलं! देवाची किरपा!”

हौसावहिनींनी माझ्याच पुड्यातला पेढा माझ्या तोंडात घातला. चार अनोळखी माणसांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नामदेव माझ्या कानाशी आला.

“तुला न्हाई लागला, ह्ये नशीब तुझं. आता तिच्यापास्नं जपून ऱ्हा. आंथरून निराळं टाक.”

माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळून मी म्हणालो, “हां.”

शालन आमच्या दारात उभी होती. नामदेवचा आवाज मोठा, त्यानं काय ओरडून सांगितलं ते तिला दोन घरं सोडून ऐकू गेलं असणार. मी जवळ आलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “सांगितलंसा?”

“पावनं हाईत. लगीन हुदे.”

तिनं उरलेला पुडा माझ्या हातातून घेतला, आत नेऊन फळीवर ठेवला आणि शुभीला जेवायला हाक मारली. त्यानंतर तिनं मला ते कधी विचारलं नाही. भांडणातसुद्धा काढलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो.

नामदेवच्या मुलीचं लग्न झालं. मग तिचं डोहाळजेवण झालं, मग बारसं. शालनला कशाचंच बोलावणं आलं नाही. सोसायटीतल्या बायका तिच्याशी बोलायच्या, नळावर हसायच्या, पण तिच्या हातचं पाणी घेताना त्यांना नेमकी तहान नसायची. मी पहिली पाळी मागून घेतली. रात्री झोपायला लागलो आणि दोन-तीन महिन्यांत माझा थकवा गेला, बाकीचंही परत आलं. एकदा मी तिच्याकडं वळलो. नामदेवचा सल्ला तोवर नळावरून तिच्यापर्यंत गेला होता. “आंथरून निराळं टाका,” ती म्हणाली. “त्येच ठरलंय न्हवं?” मी निराळं टाकलं, ते शेवटपर्यंत.

शुभीसाठी दोन स्थळं आली. दोघांनीही सोसायटीत चौकशी केली आणि पुन्हा निरोप पाठवला नाही. तिसरं अथणीकडचं होतं. तिकडं आमचं कुणी ओळखीचं नव्हतं, ते जमलं. शुभीची हळद दळायला शालनची बहीण कवठ्याहून चार बायका घेऊन आली. शालन चुलीपाशी बसून राहिली. मी म्हणालो, “तू घाल की पैली मूठ, तुझीच लेक हाय.” ती म्हणाली, “तिला उष्टं नको माझं.”

दोन वर्षांपूर्वी किडनीच्या आजारानं ती गेली. सवाष्ण गेली की तिला हिरवं लुगडं नेसवतात, बायका येऊन हळदकुंकू लावतात, ओटी भरतात. तो मान मोठा मानतात आमच्याकडं. सोसायटीतल्या बायका आल्या, दारात दाटीनं उभ्या राहिल्या, पदर डोळ्यांना लावला. आत कुणी आलं नाही. हौसावहिनींनी कुंकवाची पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरकल्या. ओटी बहिणीनं आणि दोन्ही लेकींनी भरली. मी तिच्या उशाशी बसलो होतो. सगळी सोसायटी समोर होती आणि सगळ्या गप्प होत्या. मी बोललो असतो तर शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं असतं. मी बोललो नाही.

नामदेव मागच्या वर्षी वारला. हौसावहिनी अजून दोन घरं सोडून राहतात. रोज सकाळी दारात दिसतात आणि “चा झाला का, भावजी?” म्हणून विचारतात. मी झाला म्हणतो. मिरजेच्या डॉक्टरांनी पुन्हा द्यायला सांगितलेलं रक्त मी दिलंच नाही, त्याची गरजही उरली नाही. हौसावहिनींना मी अजून खरं सांगितलेलं नाही.